तोल गेला, आता पुढे? शंभर पानी वहीची पद्धत

महिनाभर आवाज चढला नव्हता. मग एका मंगळवारी रात्री साडेआठला पोराच्या गणितावरून तोंड सुटलं, वही भिंतीवर आपटली आणि पोरगं घाबरून आजीच्या खोलीत गेलं. यानंतर बहुतेक घरांत दोनपैकी एक होतं. कुणी 'झालं गेलं' म्हणून विषय मिटवतं. कुणी 'माझा स्वभावच असा, मला हे जमायचं नाही' म्हणून महिन्याभराची मेहनत एका रात्रीत मोडीत काढतं. दोन्हींत त्या रात्रीने जे शिकवलं असतं ते हातचं जातं.

खालची पद्धत अशांसाठी आहे, ज्यांनी स्वतःला आवरायला सुरुवात केलीय आणि जे अधूनमधून घसरतात. राग असो, धास्ती असो, हेवा असो, कुढणं असो. लागतं काय, तर एक शंभर पानी वही, पेन आणि प्रत्येक घसरणीला पंधरा मिनिटं.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तोल गेलेला आपल्याला ज्या क्षणी दिसतो, त्याच्या बराच आधी तो जायला लागलेला असतो. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. डाऊनी या बुरशीरोगाचा तेलकट डाग आज पानावर दिसतो, पण रोग आत शिरला तो काही दिवसांपूर्वी, पान रात्रभर ओलं राहिलं तेव्हा. डाग बघून धावणारा नेहमी उशिरा पोचतो. साडेआठची वही-आपट हा डाग आहे. पान कधी ओलं झालं ते शोधायचं.

'तोल गेला' म्हणजे नक्की काय?

हे आधी ठरवलं नाही तर वहीत काहीही जातं आणि आठवड्यात कंटाळा येतो. राग येणं म्हणजे घसरण नव्हे. राग येणारच. घसरण म्हणजे दुसऱ्याला दिसेल, ऐकू येईल किंवा घड्याळावर मोजता येईल असं काही: आवाज शेजारच्या खोलीत गेला, शिवी तोंडातून निघाली, वस्तू आपटली, दोन तासांहून जास्त अबोला धरला, रात्री बारानंतर एकच विचार अर्धा तास घोळला. यातल्या किंवा तुमच्या सवयीच्या दोन-तीन गोष्टी निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तीनपेक्षा जास्त नकोत.

प्रत्येक वेळी तीन आकडे मांडायचे. तीव्रता ० ते १० मध्ये किती, प्रकार किती मिनिटं चालला, आणि मन पुन्हा थाऱ्यावर यायला किती वेळ लागला. तिसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. लोक 'आठवड्यात किती वेळा चिडलो' एवढंच मोजतात आणि तो आकडा हलत नाही म्हणून हिरमुसतात. पण सुधारणा बहुधा आधी सावरण्याच्या वेळेत दिसते: दीड दिवसाचा अबोला दीड तासावर येतो, आणि मग कधीतरी वेळाही कमी होऊ लागतात.

पहिला अर्धा तास

शिकणं नंतर. आधी नुकसान थांबवायचं.

बोलणं थांबवा आणि जागा सोडा, पण सांगून सोडा. न सांगता निघून जाणं समोरच्याला शिक्षेसारखं लागतं आणि भांडणाला दुसरं तोंड फुटतं. एवढंच पुरे: "मी गच्चीवर जातोय, अर्ध्या तासाने येतो, मग बोलू." आणि अर्ध्या तासाने खरंच यायचं. वीस मिनिटांच्या आत परतू नका. अंगात चढलेला जोर, धडधड आणि तापलेले कान निवायला साधारण तेवढा वेळ जातो. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात 'मी असं म्हणायला हवं होतं, मग ती काय बोलली असती' अशी तालीम चालू राहिली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर आलं असं धरा.

श्वासाचं माप सोपं आहे. मनात चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात, पाच मिनिटांत तीस. बोटांच्या पेरांवर मोजा, मोबाईलवर नको; मोबाईल हातात आला की मेसेज जातो. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास फार खोल ओढला जातोय. माप तेच ठेवा, हवा कमी घ्या.

उशीवर बुक्के मारून राग 'बाहेर काढायचा' सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये हे तपासलं होतं. चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत बुक्के मारणारे लोक नुसते गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. फोन करून मैत्रिणीला तीच कहाणी चारदा सांगणं हा त्याचाच सौम्य अवतार. एकदा सांगा, जरूर सांगा. चौथ्यांदा सांगताना तुम्ही मन मोकळं करत नसता, राग पाठ करत असता.

माफी: दोन वाक्यं, तिसरं नको

माफी त्याच दिवशी मागा, झोपण्याआधी. जमलंच नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला. पहिल्या वाक्यात आपण काय केलं ते, दुसऱ्यात पुढे काय करणार ते. तिसरं वाक्य बहुधा 'पण'ने सुरू होतं आणि पहिल्या दोघांवर पाणी ओततं.

पोराला: "मघाशी मी तुझी वही आपटली, ते चुकलं. उद्या जेवण झाल्यावर तेच गणित आपण परत बघू." वडिलांना: "बाबा, तुमच्याशी मी वरच्या आवाजात बोललो, बोलायला नको होतं. औषधाच्या वेळेचं उद्या सकाळी शांतपणे बोलू." बायकोला किंवा नवऱ्याला: "सगळ्यांसमोर मी तुला तोडून बोलले, ते बरोबर नव्हतं. पुढच्या वेळी काही खटकलं तर खोलीत आल्यावर सांगेन." लहान मुलाची माफी मागितल्याने वचक जातो असं काही घरांत मानतात. तसं होत नाही. आपटलेली वही मोठ्यांनाही उचलावी लागते, हे मूल त्यातून बघतं.

माफी मागितली म्हणजे समोरच्याने लगेच हसलं पाहिजे असं नाही. 'मी सॉरी म्हटलं ना!' हे वाक्य म्हणजे दुसरी घसरण. तिचं वेगळं पान लिहावं लागेल.

वहीचं पान

लिहायचं कधी? निदान दोन तास गेल्यावर आणि दुसऱ्या दिवशीची रात्र व्हायच्या आत. फार लवकर लिहिलं तर आरोपपत्र होतं, फार उशिरा लिहिलं तर तपशील पुसून जातात आणि फक्त 'त्याने मला डिवचलं' एवढं उरतं. पंधरा मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी वही मिटायची. तासभर लिहीत बसणं हे शिकणं नव्हे, कुढणंच आहे, फक्त कागदावर.

वर सांगितलेल्या मंगळवारचं पान असं दिसेल:

मंगळवार, रात्री ८.३०, हॉल.
काय झालं: गणिताची वही भिंतीवर आपटली. 'डोक्यात भुसा भरलाय का' म्हणालो.
भावना: वैताग. त्याच्याखाली लाज (शनिवारी पालकसभा आहे).
आकडे: तीव्रता ८, चाललं १० मिनिटं, सावरायला दीड तास.
मनातलं वाक्य: 'इतकं सोपं त्याला आलंच पाहिजे.'
मागचे सहा तास: (मागच्या बाजूला)
बेत: (उद्या)

यातल्या तीन ओळींवर जरा थांबू.

'काय झालं' मध्ये कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं. 'खूप चिडलो', 'वाईट वागलो' हे कॅमेऱ्याला दिसत नाही. अशा शब्दांतून शिकायला काही मिळत नाही, फक्त मान खाली जाते.

'भावना' च्या ओळीत 'टेन्शन' आणि 'मूड ऑफ' चालणार नाहीत. त्या दोन शब्दांत आपण सगळंच कोंबतो. मराठीत नेमके शब्द भरपूर आहेत. चीड वेगळी, वैताग वेगळा, संताप वेगळा. धास्ती, हुरहुर, खंत, हेवा, अपमान, ओशाळलेपण, कीव, उद्वेग. नेमकं नाव दिल्याने भावनेची धार कमी होते. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की भावनेला शब्द दिला की भीती-धोक्याला दचकून उठणारा मेंदूतला भाग शांत होतो. रागाच्या खाली दुसरं काहीतरी सापडतंय का, हेही बघा. वरच्या पानावर वैतागाखाली लाज निघाली. लाज पालकसभेची होती, गणिताची नव्हती. पोराला हे कळायला मार्ग नव्हता.

'मनातलं वाक्य' ही ओळ सगळ्यांत जास्त चुकवली जाते. त्या क्षणी डोक्यात जे वाक्य वाजलं ते जसंच्या तसं लिहा आणि त्यातला 'च' शोधा. 'त्याने ऐकलंच पाहिजे.' 'माझ्याशी असं बोलायचंच नाही.' 'आज पाऊस पडायलाच नको होता.' मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच: माणसाला जाळते ती इच्छा नव्हे, इच्छेची झालेली मागणी. इंग्रजीत तो भेद दाखवायला दुसरं क्रियापद लागतं; आपल्याकडे एका 'च'ने काम होतं. तो 'च' काढून वाक्य पुन्हा लिहा: 'इतकं सोपं त्याला आलं तर बरं होईल, अजून येत नाहीये.' वाक्य बेचव वाटतं ना? तसंच हवं. बेचव वाक्यावर कुणी वह्या आपटत नाही.

मागे, आणखी मागे

आता पान उलटा. घसरणीपासून सुरू करून सहा तास मागे जायचं, अर्ध्या-अर्ध्या तासाने. झोप आणि जेवण यांसाठी आदल्या रात्रीपर्यंत. मंगळवारचीच साखळी घेऊ. माणूस नाशिकचा, सातपूरच्या कंपनीत जनरल शिफ्टला, घर इंदिरानगर.

८.३० वही आपटली. ८.१५ पोरगं तिसऱ्यांदा म्हणालं, 'नाही कळत.' ८.०० न जेवता अभ्यासाला बसवलं. ७.१५ घरात आलो, बूट काढतानाच कंपनीच्या ग्रुपवरचा मेसेज वाचला. ६.०० ते ७.०० रस्त्यात, मायको सर्कल, मुंबई नाका, मग बोगद्यात वीस मिनिटं क्लच दाबून. ४.३० तिसरा चहा. ३.३० साहेब चौघांसमोर म्हणाले, 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' १.०० डबा अर्धाच खाल्ला, गाडी लोड व्हायची होती. आदली रात्र: झोप पाच तास, मॅच बघितली.

असं लिहिल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं की पोराचं 'नाही कळत' ही आठवी कडी होती. आधीच्या सात कड्यांत पोराची चूक कुठेच नाही.

धास्तीची साखळीही अशीच असते, पण ती हळू चालते. समजा नोव्हेंबर आहे, बाग फुलोऱ्यात आहे, ढग आले आहेत. सकाळी सातला मजुरांवर विनाकारण ओरडणं झालं आणि कालच फवारणी झालेली असताना पुन्हा फवारा असा हुकूम सुटला. मागे जा: पहाटे चारपासून जाग. रात्री दोनला हवामानाचं अ‍ॅप, तिसऱ्यांदा. साडेनऊला बागाईतदारांच्या ग्रुपवर कुठल्यातरी गावच्या गारपिटीचा व्हिडिओ, मग अर्धा तास तसलेच व्हिडिओ. इथे धास्ती खुळी नाही. या जिल्ह्यात गारपिटीने बागा झोपलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. प्रश्न एवढाच: रात्री दोनला अ‍ॅप बघितल्याने सकाळच्या कामात काय बदललं? काहीच नाही. बदलली ती झोप.

मागे जाताना दोन कड्या हमखास निसटतात. एक भूक, कारण ती आपल्याला 'कारण' म्हणावी इतकी भारदस्त वाटत नाही. दुसरी म्हणजे दुपारी गिळलेला राग. साहेबांसमोर आवंढा गिळून 'हो सर' म्हटलं, चेहरा शांत ठेवला, याला आपण संयम म्हणतो. भावनांच्या नियमनावर काम करणारे जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसतं की चेहरा दाबल्याने आतली खळबळ कमी होत नाही, शरीर तापलेलंच राहतं. नोकरीत गिळावं लागतं, ते चुकत नाही. पण गिळलं की वहीच्या कोपऱ्यात 'गिळला, ३.३०' एवढी नोंद करा आणि घरी पोचायच्या आत दहा मिनिटं तरी चाला. गाडी कोपऱ्यावर लावून चालायला नाशिकमध्ये अजून जागा सापडते.

एकच कडी

साखळीतल्या सगळ्या कड्या दुरुस्त करायला निघालात तर पंधरा दिवसांत वही माळ्यावर जाईल. एकच निवडा. तुमच्या हातातली, जितकी आधीची तितकी बरी, आणि आठवड्यातून निदान चारदा येणारी. साहेबांचा शेरा हातात नाही. बोगदा तर नाहीच. डबा कधीकधी हातात असतो. घरात शिरल्यानंतरची पंधरा मिनिटं पूर्ण हातात आहेत. शेवटची कडी, म्हणजे 'पोरगं नाही म्हणालं की मी शांत राहीन', ही सगळ्यांना निवडावीशी वाटते आणि तीच सगळ्यांत कुचकामी. तिथे पोचेपर्यंत तीव्रता सातच्या पुढे गेलेली असते, आणि सातच्या पुढे कुणाला ठराव आठवत नाहीत.

निवडलेली कडी 'अमुक झालं की तमुक करीन' या साच्यात लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की 'मी प्रयत्न करीन' या नुसत्या निश्चयापेक्षा वेळ-जागा बांधलेला असा बेत कितीतरी जास्त वेळा अमलात येतो. म्हणजे 'घरी आल्यावर शांत राहायचं' असं नाही, तर: 'बूट काढले की मोबाईल फ्रिजवर ठेवीन, हातपाय धुवीन, आधी दोन पोळ्या खाईन. अभ्यास त्यानंतर.' बागेसाठी: 'हवामान सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. फवारणीचा निर्णय फक्त उजेडात.'

हे चौदा दिवस चालवा. रोज एक खूण: केलं किंवा नाही केलं. चौदापैकी दहा किंवा जास्त वेळा झालं तर बेत पक्का, पुढची कडी घ्या. सात ते नऊ झालं तर अजून चौदा दिवस. सातपेक्षा कमी असेल तर दोष बेताच्या मापात आहे. दोन पोळ्या जमत नसतील तर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. फ्रिज लांब असेल तर चपलांच्या स्टँडवर मोबाईल. बेत इतका लहान करा की टाळायला लाज वाटली पाहिजे.

कुठे फसतं

सगळ्यांत मोठं नुकसान घसरणीने होत नाही, घसरणीनंतरच्या एका विचाराने होतं: 'आता सगळंच गेलं.' मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी दारू सोडणाऱ्यांबरोबर काम करताना हे बारकाईने नोंदवलं. एक घोट घेतला जातो, मग 'मोडलंच आहे तर' म्हणून बाटली संपते. रागाचंही तसंच. सकाळी ओरडलो, दिवस बिघडलाच आहे, मग संध्याकाळी आवरायचं कशाला? यावर उपाय म्हणून आकडा उपयोगी पडतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. एखादी साधी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ च्या घरात. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यावर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत स्वभाव बदलतो असं सांगणाऱ्यांना हे दाखवायला हरकत नाही. टाकळीला नंदिनीकाठी समर्थांनी बारा वर्षं तप केलं असं आपण मानतो, आणि स्वतःला मात्र तीन आठवडे देतो.

दुसरं, वही आरोपपत्र होते. ओळखायची खूण: पानावर 'तो', 'ती', 'सासूबाई', 'साहेब' किती वेळा आले ते मोजा आणि 'मी' किती वेळा आला ते मोजा. दुसऱ्यांचा आकडा दुप्पट असेल तर पान पुन्हा लिहा. समोरच्याची चूक नसते असं नाही. अनेकदा असतेच. पण त्याच्या चुकीचा उपाय त्याच्या वहीत असतो.

याच्या उलट टोकाचं पानही सापडतं, ज्यात सगळीकडे स्वतःला शिव्या. 'मी नालायक बाप आहे.' ही नोंद नव्हे, शिक्षा आहे, आणि शिक्षेला घाबरून माणूस पुढचं पान लिहायचं टाळतो. सोपा नियम: जिवाभावाच्या मित्राची चूक त्याला सांगाल त्या भाषेत स्वतःची लिहा. तुम्ही मित्राला नालायक म्हणणार नाही. 'अरे, उपाशीपोटी कशाला बसलास शिकवायला?' असं म्हणाल.

आणखी एक प्रकार माणसाला फार खचवतो, म्हणून जरा विस्ताराने. बरेच दिवस ठीक चाललेलं असतं आणि विशिष्ट जागी जुना राग जसाच्या तसा उसळतो. गावाकडे दिवाळीला गेलं, ओसरीवर वडील त्या जुन्या आवाजात काही म्हणाले, की चाळिशीचा माणूस पंधरा वर्षांचा होतो. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेली व्यक्ती चौथ्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत काच खाली करून ओरडते आणि मग वाटतं, शिबिर वाया गेलं. तसं नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासून हे ठाऊक आहे: विझवलेली सवय पुसली जात नाही, काही काळ गेला की ती आपोआप पुन्हा डोकं काढते. मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन यांनी पुढे दाखवलं की नवं शिकलेलं ज्या जागी शिकलं त्या जागेला चिकटतं. इगतपुरीची शांतता इगतपुरीत शिकलेली असते, जिथे मौन असतं आणि मोबाईल नसतो. द्वारकेला ती पुन्हा शिकावी लागते.

म्हणून सराव ज्या जागी घसरता तिथेच करा. चार-सहाचा श्वास देवघरात बसून घ्याच, पण स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, त्याच सिग्नलला, अभ्यासाच्या त्याच टेबलाशीही रोज दोन मिनिटं घ्या, भांडण नसताना. गावी जायच्या आदल्या रात्री वहीत त्या घरापुरता एक बेत लिहा: 'बाबांनी नोकरीचा विषय काढला की "बघतो बाबा" म्हणेन आणि विहिरीवर चक्कर मारीन.' दिवाळीच्या चार दिवसांत एकदा जरी हे जमलं तरी खूप झालं.

घरात जाहीर शपथ घेऊ नका. 'आजपासून मी चिडणार नाही' म्हटलं की पुढच्या चिडीला घरातून 'कुठे गेली तुझी शपथ?' येणार, आणि ते ऐकून पारा आणखी चढणार. एखाद्याच विश्वासाच्या माणसाला सांगा, तेही काय करायचं ते नेमकं सांगून: 'माझा आवाज चढला की फक्त पाण्याचा ग्लास समोर ठेव, काही बोलू नकोस.'

दारूबद्दल एकच ओळ: पिऊन झालेल्या घसरणीची साखळी पहिल्या पेगपासून लिहा, भांडणापासून नाही.

महिन्याचा हिशेब

महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिसळ खाऊन आलात की, वीस मिनिटं. नवं काही लिहायचं नाही, फक्त मागची पानं चाळायची. कुठला वार पुन्हा येतो? कुठली वेळ? बऱ्याच जणांना आढळतं की आठपैकी सहा घसरणी संध्याकाळी सात ते नऊमध्ये आहेत, किंवा पगाराआधीच्या आठवड्यात, किंवा पाळीच्या आधीच्या चार दिवसांत. मग प्रश्न स्वभावाचा राहत नाही, वेळापत्रकाचा होतो. सावरायच्या वेळेचे आकडे एका ओळीत मांडा. ते खाली येत असतील तर बाकी काही दिसत नसलं तरी काम चाललंय. तीन महिने तिथेच अडकले असतील तर एकट्याने रेटू नका, समुपदेशकाकडे जा आणि वही बरोबर न्या. त्यांचा पहिल्या दोन भेटींचा वेळ वाचेल.

काही गोष्टी वहीच्या कक्षेतल्या नाहीत. हात उगारला जातोय, घरातलं कुणी तुम्हाला घाबरून वागतंय, दोन आठवडे झोप किंवा भूक गेलीय, जगून काय उपयोग असे विचार येतात, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मार खाणाऱ्या बाजूला तुम्ही असाल तर स्वतःच्या भावना आवरण्याचा सल्ला तुमच्यासाठी नाही. महिलांसाठी १८१, तातडीला ११२.

शेवटी वहीचं. ती घरात सहज सापडेल अशी ठेवू नका. कुलपाचं कपाट किंवा कंपनीतला लॉकर. दर पानावर इतरांची नावं लिहू नका, अक्षरं पुरतात. आणि वही भरली की रद्दीत घालू नका. पहिली तीन पानं आणि हिशेबाची पानं ठेवा, बाकीची फाडून बारीक करा. रद्दीवाल्याकडून ती कुणाच्या भेळेच्या पुड्याला लागतील सांगता येत नाही, आणि नाशिक वाटतं तेवढं मोठं नाही.